सेलू बरोबर सेलू?

परवा ऑफिसात दोन याद्या ताडून बघत होतो. माणसं तीच, क्रमही तोच, तरी जावा म्हणतंय "वेगळ्या"! कारण साधं आहे. आपण 'इक्वल्स' लिहिलं नाही, तर दोन्हीकडे मेमरीतली तीच वस्तू आहे का, एवढंच जावा बघतं. 'सारखं' म्हणजे काय, हे आपणच सांगायचं. यावरून सेलू आठवलं.

परभणी जिल्ह्यातलं सेलू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत. तिथे 'सेलू' म्हणजे सीन, ये, लाम, वाव. मधला 'ये' ई किंवा ए, शेवटचा 'वाव' ऊ किंवा ओ. म्हणजे त्याच चार अक्षरांचं सेलू, सीलू, सेलो, सीलो काहीही वाचा! मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ एकच. उलट वर्धा जिल्ह्यातही एक सेलू आहे, तेही तालुक्याचंच. नाव तंतोतंत तेच, गाव वेगळं.

तारखांची तीच गत. निजामाचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. तिथून डिसेंबरअखेर ५९० मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून ५९१. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस फसली १३५७ मधला. तीन आठवड्यांत १३५८ उजाडलं. नुसती सालं जुळवली की घोटाळा.

हे नुसतं कोडं नाही बरं का. २०२३ मध्ये राज्य सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पणजोबांची नोंद आणि आजचा अर्जदार यांचं नातं जुळलं तर दाखल्याची वाट मोकळी, नाहीतर बंद.

मग 'एका खुणेचा फरक चालेल' असा सैल नियम लावायचा? इथेच मेख आहे. बाळू आणि काळू जुळले, काळू आणि काळा जुळले. म्हणून बाळू आणि काळा एकच माणूस? समानतेचा नियम साखळीत टिकावा लागतो, 'जवळपास' टिकत नाही. म्हणून नावासोबत बापाचं नाव, गाव, तालुका, सर्व्हे नंबर असं सगळं ताडावं लागतं.

नियम कडक केला तर खऱ्या वारसाचा हक्क बुडतो, सैल केला तर भलत्याला मिळतो. मशीन फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगतं. चूक कोणाच्या पदरात पडणार, ते 'इक्वल्स' लिहिणाराच ठरवतो. सोमवारी कोड उघडाल तेव्हा एवढं आठवा, बस्स.