शिरस्त्राण, घोडेस्वारीचे
घोड्यावरून पडल्यास डोक्याचे संरक्षण करणारा कठीण टोप. रूढ नाव हेल्मेट. बाहेरचे कवच टणक असते, तर आतला फोमचा थर स्वतः दबून आघात शोषतो. दबलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून जोराच्या पडझडीनंतर शिरस्त्राण बदलावे लागते. ईएन १३८४ (युरोप) व एएसटीएम एफ ११६३ (अमेरिका) ही त्याची प्रचलित मानके होत.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या (एफईआय) स्पर्धांत ते सक्तीचे आहे. अडथळा-उडीत हनुवटीचा पट्टा सुटला, तर स्वाराने थांबून तो बांधायचा असतो. पट्टा सुटलेला असताना अडथळा ओलांडल्यास स्वार बाद ठरू शकतो. ड्रेसाज या घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात मात्र उंच रेशमी टोपीची परंपरा दीर्घकाळ टिकली. २०१० मध्ये अमेरिकी ऑलिंपिकपटू कोर्टनी किंग-डाय हिला सरावात, शिरस्त्राण नसताना, मेंदूला गंभीर इजा झाली आणि सक्तीच्या मागणीला जोर आला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिनने शिरस्त्राण घालून सुवर्णपदक जिंकले. २०२१ पासून ड्रेसाजमधील सवलतही संपली.