झाडावर बांधलेली बाज

१९१६ साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पारध्यांच्या पोटशाखा दिल्या आहेत. फास लावणारे फासेपारधी, चित्ता बाळगून शिकार करणारे चित्तेपारधी आणि त्यांच्याच ओळीत गायके. हे गायके बैलाच्या आडून सावज गाठत. माणूस दिसला की काळवीट उधळतो. गुरांना मात्र तो बुजत नाही, कारण माळावर त्यांच्याच शेजारी तो लहानाचा मोठा झालेला असतो. म्हणून बैलाला चरत चरत, तिरक्या चालीनं पुढं न्यायचं आणि आपण त्याच्या खांद्यामागं वाकून चालायचं. घाई केली की खेळ संपला.

आडोशाचं सगळं शास्त्र या बैलात आलं. जनावराच्या ओळखीच्या वस्तूमागं दडायचं, आवाज करायचा नाही, हालचाल दिसू द्यायची नाही. पुढं राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी जे जे बांधलं, त्यात या तीन गोष्टींपलीकडं फारसं काही नव्हतं. खर्च मात्र पुष्कळ झाला.

मचाण हा या आडोशाचा सर्वांत प्रसिद्ध अवतार. पण मचाणाचं नातं रानाइतकंच शेताशीही आहे. जोंधळा हुरड्यावर आला की कुणबी चार मेढी रोवतो, त्यांच्या बेचक्यात आडवे वासे टाकतो, वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरतो आणि सगळं सुंभानं आवळतो. ऊन लागू नये म्हणून डोक्यावर पाचटाचं छप्पर. हाताशी गोफण आणि खड्यांचा ढीग. कुठं त्याला माळा म्हणतात, कुठं मचाण. त्यावर बसणाऱ्यानं दिसावं, ओरडावं, डबा बडवावा, हीच अपेक्षा असते. शिकाऱ्यानं तोच सांगाडा उचलला आणि त्याचा हेतू उलटा केला. शेतातलं मचाण जनावराला हाकलण्यासाठी, रानातलं त्याला जवळ येऊ देण्यासाठी.

हेतू उलटला तशी बांधणीही बदलली. मध्य भारतातल्या जंगलात सर्वांत सोपी युक्ती म्हणजे गावातली सुताची किंवा काथ्याची बाज मागून आणायची आणि बारा-पंधरा फुटांवरच्या दुबेळक्यात आडवी बांधायची. तिची वीण कुरकुरत नाही आणि तासन् तास बसलं तरी अंग अवघडत नाही. खिळे शक्यतो वापरायचे नाहीत. खिळा ठोकण्याचा आवाज दूर जातो आणि रात्री लाकूड थंडीनं आखडलं की तोच खिळा करकरतो. गाठी वाखाच्या दोरानं किंवा रानवेलीनं मारायच्या, कारण त्या झाडाबरोबर हलतात. तोडलेल्या फांदीचा पांढरा काप चांदण्यात लांबून चमकतो. त्याला चिखल फासायचा. आडोशाला पाला लावायचा तो शक्यतो त्याच झाडाचा, आणि तोही बसायच्या दिवशीच, कारण कालचा पाला आज मलूल होऊन रंग बदलतो. नेम धरण्यासाठी पाल्यात मूठभर फट ठेवायची. वाघ वासापेक्षा डोळ्यांवर आणि कानांवर जास्त विसंबतो आणि सहसा वर बघत नाही. अस्वलाचं आणि रानडुकराचं नाक तिखट, म्हणून त्यांच्यासाठी आधी वाऱ्याची दिशा पाहायची आणि मग झाड निवडायचं.

सगळ्यात नामी युक्ती बांधकामाची नव्हतीच. शिकारी वर चढून बसला की बांधणारी माणसं मोठ्यानं बोलत, खोकत, कुऱ्हाडी वाजवत गावाकडं निघून जात. झुडपात दबलेल्या वाघाला वाटावं की माणसं आली तशी गेली. किती आली आणि किती गेली, हा हिशेब त्याला जमत नाही, यावर सगळी भिस्त.

ही माणसं कोण? गोंड, कोरकू, बैगा, गावचा कोतवाल, एखादा वाटाड्या. माग त्यांनी काढायचा, झाड त्यांनी निवडायचं, बाज त्यांच्या घरची, दोर त्यांनी वळलेला. हाका असला तर ढोल-डबे वाजवत रानातून पायी चालायचं तेही त्यांनीच. बिथरलेल्या वाघाच्या वाटेत पायी माणूस असे; बंदूकवाला पंधरा फूट उंचावर. मचाणावरून मारलेला वाघ ही मर्दुमकी की नाही, यावर इंग्रज शिकाऱ्यांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. त्या वादात हाकेकऱ्याचं मत कुणी विचारलेलं क्वचितच आढळतं. शिकारपुस्तकांतल्या छायाचित्रांत मेलेल्या वाघावर पाय ठेवून साहेब उभा असतो आणि मागं उघड्या अंगाची दहा-वीस माणसं असतात. साहेबाचं नाव खाली छापलेलं असतं, त्यांचं बहुधा नसतं.

राजपुतान्यात हाच आडोसा दगडी झाला. तिथं त्याला ओदी म्हणतात. टेकडीच्या उतारावर किंवा पाणवठ्यासमोर बांधलेली जाड भिंतींची खोली आणि भिंतींत गडाच्या तटाला असतात तशा जंग्या. उदयपूरची खास ओदी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या कोटा शैलीच्या चित्रांत महाराव उमेदसिंह आणि त्यांचे कारभारी झालिमसिंह आडोशातून वाघांवर बंदुका रोखून बसलेले दिसतात. चित्रकाराची नजर मात्र शिकाऱ्यांपेक्षा रानातच रमलेली असते. पानन् पान वेगळं, वाघ रुबाबदार, आणि राजा एका कोपऱ्यात.

भरतपूरला आडोसा पाण्यात उतरला. पाणथळीत बांधलेल्या आडोशांत बंदूकवाले बसत आणि उठलेल्या बदकांवर बार काढत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा दगडावर कोरून ठेवला आहे आणि केवलादेव राष्ट्रीय उद्यानात आजही वाचता येतो. कोरणाऱ्यांना तो अभिमानाचा वाटला होता.

आडोशात बसणं नेहमीच सुखाचं होतं असं नाही. गढवालात रुद्रप्रयागच्या परिसरात १९१८ ते १९२६ या काळात एका नरभक्षक बिबट्यानं सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. त्याच्या मागावर गेलेल्या जिम कॉर्बेटला वाघाचं मचाण कामाचं नव्हतं, कारण बिबट्या झाडावर सहज चढतो. एका झाडावर बसण्याआधी त्यानं गावकऱ्यांकडून काटेरी फांद्या तोडून घेतल्या आणि बुंध्याला घट्ट बांधून घेतल्या. रात्री बिबट्या खरोखरच आला आणि त्या फांद्यांशी झटत राहिला. ही तयारी नसती तर आपण वाचलो नसतो, असं कॉर्बेटनंच पुढं लिहिलं. मग अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर त्यानं वीस रात्री काढल्या; बिबट्या फिरकलाच नाही. अखेर २ मे १९२६ रोजी गोलाबराईला, यात्रेकरूंच्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडावरून त्यानं तो मारला. खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली, विजेरीचा झोत पडला, बार निघाला आणि विजेरी विझली. बिबट्या पडला की पळाला, हे समजायला पहाटेची वाट पाहावी लागली.

त्याच सुमारास एक वनाधिकारी वेगळ्याच वाटेनं निघाला होता. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यानं बंदूक ठेवून कॅमेरा घेतला. जनावराच्या वाटेवर तार ताणायची, तिला पाय लागला की झगझगाट आणि छायाचित्र. १९२७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकानं दाखवून दिलं की रात्रीचा वाघ पाहायला माणसानं मचाणावर ताटकळायची गरजच नाही. मचाण निकालात काढणारी ही कल्पना खरी, पण तिचा अंमल व्हायला पाऊणशे वर्षं लागली.

मधल्या काळात शिकार धंदा झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांना डॉलर घेऊन वाघ मारून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढं केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांची अ‍ॅल्विन कूपर ही त्यांतलीच एक. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. पाठोपाठ १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यानं शिकारीची व्याख्याच रुंदावली. आमिष बांधणं, हाका घालणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. गोळी झाडली नाही, ही सबब उरली नाही.

मचाणं मात्र उतरली नाहीत. मेळघाट १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जागांत आला. तिथं, तसंच ताडोबा, नागझिरा इथंही पाणवठ्यावरच्या मचाणांवरून जनावरांच्या प्रगणनेची रीत रुळली. वैशाखी पौर्णिमेपर्यंत ओढे आटलेले असतात, जनावरांना ठराविक पाणवठ्यांवर यावंच लागतं आणि चांदणं लख्ख असतं. म्हणून बुद्ध पौर्णिमेच्या रात्री झाडावर बसून येईल ते जनावर कागदावर टिपायचं. एकेकाळी बंदूक घेऊन रान तुडवणारे व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले आणि त्यातून त्यांचं ‘नागझिरा’ हे पुस्तक झालं. मारुती चितमपल्लींनी तर वनखात्याच्या नोकरीतच रानाचा हा शब्दसंग्रह मराठीत आणला. शिकाऱ्याची बैठक नोंदवहीवाल्याच्या हाती आली ती अशी.

प्रगणना म्हणून तिची किंमत फार नव्हती, हेही सांगायला हवं. एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जाई, आणि अवकाळी पाऊस पडला तर सगळी रात्र वाया. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेरा आणि संख्याशास्त्र यांवर भर आला. म्हणजे चॅम्पियनची तार नव्या रूपात परतली. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले ४४४ वाघ हे मचाणावरून मोजलेले नाहीत. बुद्ध पौर्णिमेची रात्र आता वनविभाग ‘निसर्गानुभव’ या नावानं साजरी करतो. शहरातली माणसं शुल्क भरून, आधी नोंदणी करून येतात आणि वनरक्षकासोबत रात्र काढतात. अत्तर लावू नये, भडक कपडे घालू नयेत, बोलू नये, या सूचना गायके पारध्यालाही पटल्या असत्या.

शेतातलं मचाण मात्र कुठल्याच कायद्यानं किंवा कॅमेऱ्यानं हललं नाही. रोही आणि रानडुकरांचे कळप हरभऱ्यात शिरतात म्हणून विदर्भात जंगलालगतच्या गावांतली माणसं आजही रात्रीच्या जागलीला जातात. पाहुण्यांची रात्र वर्षातून एक; यांची हंगामभर, बिनशुल्क, आणि वाघ पाणवठ्यावर नव्हे तर बांधावर येण्याची धास्ती घेऊन. वन्यजीवांवरच्या लेखांत या माणसांचा उल्लेख ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ या मथळ्याखाली येतो, बहुधा मेल्यानंतर.