उदयशंकरांची विद्यार्थिदशा : चित्रशाळेपासून अल्मोड्यापर्यंत

आधुनिक भारतीय नृत्याच्या इतिहासात उदयशंकर (1900–1977) यांचे स्थान निश्चित करताना दोन परस्परविरोधी मते मांडली जातात. एका मतानुसार त्यांनी भारतीय नृत्याचे पुनरुज्जीवन केले. दुसऱ्या मतानुसार त्यांचे नृत्य मुळात भारतीय परंपरेचे नव्हतेच, कारण ते गुरुमुखातून आलेले नव्हते. दोन्ही मते त्यांच्या परिणत कार्यावरून निष्कर्ष काढतात. वस्तुतः या वादाचा उलगडा त्यांच्या विद्यार्थिदशेत शोधावयास हवा. ते काय शिकले, याइतकेच ते कोणत्या क्रमाने शिकले, हेही महत्त्वाचे आहे.

उदयशंकरांचे शिक्षण नृत्याचे नव्हते, चित्रकलेचे होते. उदयपूर येथे जन्मलेला हा मुलगा 1918 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि 1920 साली लंडनला जाऊन तेथील रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकू लागला. या महाविद्यालयाचे प्राचार्य विल्यम रोथेनस्टाइन हे भारतीय कलेचे जाणते चाहते होते. 1910 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इंडिया सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. युरोपीय शैलीचे अनुकरण करण्यापेक्षा ब्रिटिश म्युझियममधील भारतीय कलावस्तूंचा अभ्यास करावा, असा सल्ला त्यांनी या विद्यार्थ्यास दिला. भारतीय देहभाषेचा पद्धतशीर परिचय त्यास अशा प्रकारे मूर्ती आणि चित्रे यांच्या द्वारे घडला. ताल, बोल आणि पदन्यास या अंगांना त्यात अर्थातच स्थान नव्हते.

याच काळात वडिलांनी लंडनमध्ये उभारलेल्या भारतीय प्रयोगांत तो हौसेने नाचत असे. त्यातून सुप्रसिद्ध रशियन नर्तकी आन्ना पाव्हलोव्हा हिच्याशी त्याची गाठ पडली. पाव्हलोव्हा पौर्वात्य विषयांवर नृत्यरचना करण्याच्या विचारात होती. तिच्यासाठी उदयशंकरांनी एक हिंदू विवाह आणि राधाकृष्ण अशा दोन रचना सिद्ध केल्या व 1923 साली त्या रंगभूमीवर आल्या. राधेच्या भूमिकेत स्वतः पाव्हलोव्हा आणि कृष्णाच्या भूमिकेत हा बावीस वर्षांचा चित्रकार होता. तोपर्यंत त्याने कोणत्याही नृत्यगुरूपाशी शिक्षण घेतलेले नव्हते. सामान्यतः भारतीय नृत्यात विद्यार्थी प्रथम अडवू वा तोडे आत्मसात करतो आणि रचनेचा अधिकार त्यास पुष्कळ वर्षांनी प्राप्त होतो. येथे हा क्रम पूर्णपणे उलटला.

पाव्हलोव्हाच्या प्रभावाचे स्वरूप नीट समजून घेण्यास रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे उदाहरण उपयोगी पडते. युरोपीय बॅलेकडे आकृष्ट झालेल्या या दोघांनाही पाव्हलोव्हाने जवळजवळ सारखाच उपदेश केला : आपल्या देशाच्या नृत्याचा शोध घ्यावा. परंतु एकाच उपदेशाची फळे भिन्न आली. रुक्मिणीदेवींनी 1933 साली मद्रासच्या म्युझिक अकादमीत देवदासी परंपरेतील नर्तकींचे नृत्य पाहिले, पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांचे शिष्यत्व पत्करले आणि 1936 साली कलाक्षेत्राची स्थापना केली. उदयशंकरांनी मात्र देशाच्या नृत्याचा शोध शिल्पात आणि चित्रात घेतला.

या भेदाचे कारण केवळ व्यक्तिस्वभावात नाही. 1923 साली लंडनमधील भारतीय तरुणाला नृत्यगुरू उपलब्ध होणे जवळजवळ अशक्य होते. भारतातही त्या वेळी नृत्याविरुद्धच्या चळवळीमुळे कलावंतिणींची कला सुशिक्षित समाजातून बहिष्कृत होत होती. केरळ कलामंडलम् ही संस्था 1930 साली स्थापन झाली, तर मद्रासच्या म्युझिक अकादमीने देवदासी नर्तकींना व्यासपीठ दिले ते 1931 साली. रुक्मिणीदेवींनी शोध आरंभिला तेव्हा दार किलकिले झाले होते. उदयशंकरांच्या वेळी ते बंद होते. तेव्हा ज्या गुरुविहीनतेबद्दल त्यांना दोष दिला जातो, ती बऱ्याच अंशी त्या काळाचीच स्थिती होती.

पुढील काही वर्षे पॅरिसमध्ये कष्टाची गेली. तेथे सिमकी या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली फ्रेंच तरुणी त्यांची सहनर्तकी झाली. स्विस शिल्पकार ॲलिस बोनर यांच्या साहाय्याने 1930 साली त्यांनी भारताचा प्रवास केला. मंदिरे आणि शिल्पे पाहिली, तसेच केरळात कथकळीचे जिवंत दर्शन घेतले. ज्या मुद्रा त्यांनी आजवर दगडात पाहिल्या होत्या, त्यांच्या मागील गती आणि भाव त्यांच्यासमोर प्रथमच समग्रपणे उलगडले. 3 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये त्यांच्या मंडळीचा पहिला प्रयोग झाला. संगीताची बाजू आरंभी तिमिरबरन यांनी आणि पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी सांभाळली. शिराळींच्या रूपाने गांधर्व महाविद्यालयाच्या शिस्तीचा एक प्रवाह या प्रयोगात मिसळला, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

कीर्ती मिळाल्यानंतर उदयशंकरांनी शंकरन् नंबूद्री यांच्यापाशी कथकळीचे शिक्षण घेतले, ही या चरित्रातील सर्वांत बोलकी घटना होय. जगभर नावाजलेला रचनाकार पुन्हा विद्यार्थी झाला. तथापि कथकळीचा नट होणे हे त्यांचे ध्येय नव्हते. कथकळीतील नेत्राभिनय, हस्तमुद्रा आणि शरीराचा भार तोलण्याची पद्धती त्यांनी आत्मसात केली, परंतु त्यांची मांडणी चित्रकाराच्याच दृष्टीने केली. रेषा, आकृतीचा तोल, समूहाची रचना, प्रकाश आणि वेषभूषा यांवर त्यांच्या रचनांचे सौंदर्य उभे राहते; तालाचे सूक्ष्म काम त्यांत दुय्यम आहे. त्यांचे बलस्थान आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही त्या उलट्या शिक्षणक्रमातून उद्भवली.

या मर्यादेची जाणीव त्यांना स्वतःला होती, असे अल्मोड्याच्या प्रयोगावरून दिसते. 1938 साली स्थापन झालेल्या तेथील संस्कृतिकेंद्रात कथकळीसाठी शंकरन् नंबूद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ असे गुरुजन एकत्र आणले गेले. जे आपणास आरंभी लाभले नाही, ते विद्यार्थ्यांना आरंभीच लाभावे, ही त्यामागील योजना होती. त्याचबरोबर चालणे, निरीक्षण आणि उत्स्फूर्त रचना यांचेही वर्ग तेथे होत. म्हणजे स्वतः ज्या वाटेने आले, तीही त्यांनी सोडली नाही. युद्धकाळ आणि निधीची टंचाई यांमुळे हे केंद्र काही वर्षांतच बंद पडले.

शिष्यांकडे पाहिले असता या शिक्षणाचा वारसा स्पष्ट होतो. शांती वर्धन यांनी 1952 साली मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केला आणि बाहुल्यांच्या हालचालींवर आधारलेले रामायण रंगभूमीवर आणले; याच केंद्रात शिकलेले गुरुदत्त पुढे चित्रपटाकडे वळले. गुरूच्या रचना जशाच्या तशा जतन करण्याऐवजी त्यांनी पाहण्याची पद्धती घेतली. अडवूंप्रमाणे पिढ्यान्पिढ्या सांभाळता येईल असे व्याकरण उदयशंकर मागे ठेवू शकले नाहीत, हे मान्य करावे लागते. परंतु गुरूचे दार बंद असताना मूर्तीपुढे उभा राहून शिकणारा विद्यार्थी परंपरेबाहेरचा ठरत नाही. परंपरेतील जी सामग्री त्या काळी त्याच्या हाती लागू शकत होती, तिच्यापासूनच त्याने आरंभ केला होता.