बालाघाटचा वाटसरू

बार्शीकडून येडशीस येतांना बालाघाटाच्या कडेला एक घाट लागतो. सन १८९७ मध्यें सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची आगगाडी पुढें ह्याच डोंगरकडेनें वर चढून सन १९११ मध्यें लातुरास पोहोंचली. घाटाच्या पोटांत, खोल दरींत, रामलिंगाचें शिवालय आहे. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूनें येथेंच अडविलें, अशी त्या मुलखांतील लोकांची समजूत. एका एकट्या जीवाच्या धाडसाची कथा ज्या रानाशीं जडली आहे, त्याच रानांत सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यांत दुसरा एक एकटा जीव येऊन दाखल झाला. वनखात्यानें लाविलेल्या, आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर त्याची आकृति उमटली. ती पट्टेदार वाघाची होती.

ह्यांत नवल तें काय, हें कळण्यास धाराशिव जिल्ह्याची प्रकृति ध्यानांत घेतली पाहिजे. हा पर्जन्यछायेचा मुलूख. ज्वारी, तूर, हरभरा पिकविणारा आणि पावसाच्या लहरीनें वारंवार पोळलेला. एकसलग दाट अरण्य येथें नाहीं. येडशी-रामलिंगघाट अभयारण्याचें क्षेत्र अवघें सुमारें २२ चौरस किलोमीटर. ससा, मोर, रानडुक्कर, लांडगा ह्यांची ओळख गांवकऱ्यांस आहे. वाघ मात्र कित्येक दशकें कहाण्यांत आणि चित्रांतच उरला होता.

वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे त्याची स्वाक्षरीच होय. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकेंच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशींवरील पट्टेही निरनिराळे असतात. नवें चित्र जुन्या चित्रांशीं ताडून पाहतां पाहुण्याचें मूळ गांव कळलें : यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्य. तीनएक वर्षांचा हा तरुण नर. टिपेश्वर व येडशी ह्यांमध्यें सरळ रेघ ओढली, तरी ती ३०० किलोमीटरांहून लांब भरते. आणि वाघ कांहीं रेघेवरून चालत नाहीं. टिपेश्वर गोदावरीच्या उत्तरेस, येडशी दक्षिणेस. तेव्हां गोदावरी ओलांडल्यावांचून ह्या वाटसरूला गत्यंतर नव्हतें. वाटेंत हमरस्ते, आगगाडीचे रूळ, कालवे आणि दाटीनें वसलेलीं गांवें. रानाचे तुकडे, नदीकांठची झुडपें, ओढ्यांच्या घळी व उभीं पिकें हाच अशा प्रवाशाचा आडोसा.

हें धाडस कशासाठीं? टिपेश्वराचें क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर. तेथें वाघांना संरक्षण मिळालें आणि त्यांची वीण वाढली. पण जमीन वाढली नाहीं. वयांत आलेल्या नराला जुना बलिष्ठ नर आपल्या हद्दींत टिकूं देत नाहीं. मादी बहुधा आईच्या शेजारींच बिऱ्हाड थाटते; नराच्या नशिबीं मात्र वनवास येतो. सन २०१९ मध्यें टिपेश्वराचाच एक तरुण वाघ असा निघाला. त्याच्या गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा होता. बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचेपर्यंत त्यानें सुमारें १३०० किलोमीटर मजल मारल्याचें त्या पट्ट्यानें दाखविलें. दिवसा दडून राहावें व रात्रीं चालावें, हा त्याचा क्रम. सन २०२१ मध्यें टिपेश्वराचाच आणखी एक वाघ मराठवाड्याच्या उत्तर टोंकास, गौताळा औट्रमघाटाच्या रानांत दिसला. येडशीचा पाहुणा हा त्याच वाटेनें निघालेल्यांपैकीं आणखी एक होय.

ह्यामागें एक जुना इतिहास आहे. सन १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत सामील होईपर्यंत हा जिल्हा निजामाच्या अमलाखालीं होता. त्या काळीं मोठी शिकार हा राजेरजवाड्यांचा, अमीरउमरावांचा व त्यांच्या गोऱ्या पाहुण्यांचा शोक. वाघ मारणें हें शौर्याचें लक्षण समजलें जाई. स्वातंत्र्यानंतर जीपगाडी, विजेचा झोत आणि बंदूक हीं साधनें अधिक लोकांच्या हातीं आलीं. शिवाय नांगर आणि कुऱ्हाड रानांत शिरलीं, तें निराळेंच. सन १९७२ च्या गणतींत सगळ्या देशांत अवघे १८२७ वाघ भरले. त्याच वर्षीं वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या मेळघाटाचा समावेश होता. पुढें गणतीची रीत बदलून अधिक विश्वसनीय झाली. ह्या नव्या रीतीप्रमाणें महाराष्ट्रांत सन २००६ मध्यें १०३ वाघ होते. सन २०२२ मध्यें ते ४४४ झाले. येडशीच्या घाटांत उमटलेलें पाऊल हें ह्या पन्नास वर्षांच्या कष्टांचेंच एक फळ होय.

परंतु फळाला कांटेही असतात. धाराशिव जिल्ह्यांत व लगतच्या बार्शी तालुक्यांत गुरें मारलीं जाऊं लागलीं. रब्बीच्या ज्वारीला रात्रीं पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला, पहाटे गोठ्याकडे जाणाऱ्या गृहिणीला आंकड्यांतली वाढ काय समाधान देणार? सरकारी भरपाई मिळते खरी. परंतु दुभती गाय गेल्यावर घरांतलें दूध त्याच दिवशीं बंद होतें, आणि भरपाई मागाहून येते. सन २०२५ च्या जानेवारींत, वाघाला बेशुद्ध करून पकडावें व सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत नेऊन सोडावें, असें ठरलें. पथकें आलीं, त्यांनीं कित्येक आठवडे डोंगर पालथे घातले. वाघ कांहीं हातीं लागला नाहीं. ज्यानें एवढा मुलूख कोणाच्या नजरेस न पडतां तुडविला, त्याला लपण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाहीं.

येथें एक भेद ध्यानीं ठेविला पाहिजे. एक वाघ आला म्हणजे वाघांची वस्ती परत आली, असें नव्हे. एका नराला लागणारा प्रदेश ह्या २२ चौरस किलोमीटरांच्या कित्येक पट मोठा असतो. आणि येथवर आला तो नर एकटा होता. मादीवांचून वंश नाहीं, हरणा-डुकरांवांचून उदरनिर्वाह नाहीं, आणि उदरनिर्वाह नसला कीं गोठ्यावाचून मार्ग नाहीं. म्हणून वाघ वाढविणें म्हणजे केवळ अभयारण्यास कुंपण घालणें नव्हे. एका रानाहून दुसऱ्या रानाकडे जाणाऱ्या वाटा राखणें, आणि त्या वाटांवरील शेतकऱ्याचें नुकसान विनाविलंब भरून देणें, हीं दोन्हीं त्याच कामाचीं अंगें होत. शेतकऱ्यानें वैर धरलें, तर कोणताही कायदा वाघाला फार काळ वांचवूं शकणार नाहीं.

रामलिंगाच्या कथेंत जटायू रावणाला अडवूं शकला नाहीं; परंतु सीता कोणत्या दिशेला नेली, हें त्यानें रामास सांगितलें. टिपेश्वराच्या वाटसरूनेंही तेवढेंच केलें. वऱ्हाडापासून बालाघाटापर्यंत, माणसाला तुटलेली वाटत होती ती रानवाट अजून कोठेंतरी जिवंत आहे, हें त्यानें आपल्या पायांनीं चालून दाखविलें. ती वाट जिवंत ठेवणें हें मात्र माणसाच्याच हातीं आहे.