रायचौधुरींचं समीकरण

विश्वाला आरंभ असावा, हे गणितात पहिल्यांदा दिसलं ते १९२२ साली, पेत्रोग्रादमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्रीडमन यांच्या लेखात. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्यांनी प्रसरण पावणारं विश्व काढलं. ते मागे मागे नेलं की एका क्षणी सगळं द्रव्य शून्य आकारमानात येतं आणि घनता अनंत होते. यालाच सिंग्युलॅरिटी म्हणतात. पण तिच्यावर खुद्द आइन्स्टाइनचाही भरवसा नव्हता. फ्रीडमनचं विश्व सगळीकडे सारखं, सगळ्या दिशांना सारखं. तिथे सगळे कण एका बिंदूवर येणारच. खरं विश्व इतकं रेखीव नाही. त्यातले कण मागे जाताना एकमेकांना चुकवून निघून जातील, अशी आशा होती.

क्वांटम सिद्धांत या वादात शिरला तो आरंभाचा कैवार घेत. १९३१ साली बेल्जियमचे धर्मगुरू-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. सारं विश्व सुरुवातीला एकच क्वांटम होतं, आणि एकाच क्वांटमपाशी स्थळ-काळ या कल्पनांना अर्थ उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. कल्पना विलक्षण होती, पण तिच्यामागे गणित नव्हतं.

आरंभाच्या बाजूनं भक्कम गणित आलं ते कलकत्त्यातून. अमलकुमार रायचौधुरी पन्नाशीच्या दशकात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करत होते. नेमून दिलेलं काम होतं धातूंच्या गुणधर्मांचं. सापेक्षता हा तिथे कोणाच्या आस्थेचा विषय नव्हता; मार्गदर्शक नाही की चर्चेला सोबती नाही. ते काम सांभाळून त्यांनी आपला प्रश्न धरून ठेवला: सिंग्युलॅरिटी हे फ्रीडमनच्या रेखीवपणाचं फळ आहे, की गुरुत्वाकर्षणाच्या स्वभावातच ती आहे? उत्तर ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये १९५५ साली छापून आलं. लेख जेमतेम चार पानांचा.

युक्ती अशी. संपूर्ण विश्वाचं कोडं सोडवत बसायचं नाही. शेजारशेजारून जाणाऱ्या कणांच्या मार्गांची एक जुडी घ्यायची, आणि तिचा फैलाव कोणत्या गतीनं बदलतो एवढंच विचारायचं. चार गोष्टी त्याचं उत्तर ठरवतात. आधीच्या फैलावाचा वर्ग, जुडीचा आकार ताणला जाणं, आणि द्रव्याचं गुरुत्व. या तिन्ही गोष्टी मार्गांना एकमेकांकडे ओढतात. चौथी, म्हणजे जुडीचं स्वतःभोवती फिरणं, तेवढी त्यांना दूर लोटते. फिरणं नसेल, तर मार्ग ठरावीक काळात एकत्र यायलाच हवेत. विश्व वेडंवाकडं असलं तरी सुटका नाही! सममितीचं कोणतंही गृहीत न धरता हा निष्कर्ष निघतो, आणि मला तर विसाव्या शतकात भारतात झालेल्या सैद्धांतिक कामात याच्या तोडीचं फार थोडं दिसतं.

पुढे रॉजर पेनरोज (१९६५) आणि स्टीफन हॉकिंग यांनी या समीकरणाच्या पायावर सिंग्युलॅरिटीची प्रमेयं उभी केली. ‘विश्वाला आरंभ आहे’ हे विधान त्यांच्याच जोरावर रुळलं.

पण या प्रमेयांत एक अट आहे, आणि साऱ्या वादाची मेख तिथेच आहे: कण आखीव मार्गानं जातात. रूढ क्वांटम सिद्धांत हेच नाकारतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जयंत नारळीकर आणि थाणू पद्मनाभन यांनी १९८३ सालच्या प्रदीर्घ लेखात दाखवलं, की सिंग्युलॅरिटीकडे जाताना क्वांटम चढउतार बेसुमार वाढतात; तिथे जुन्या उत्तरावर विसंबता येत नाही.

मग रायचौधुरींचाच एक विद्यार्थी या समीकरणाकडे वळला. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेले सौर्य दास कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात आहेत. त्यांनी जुन्या मार्गांच्या जागी डेव्हिड बोम यांच्या क्वांटम सिद्धांतातले मार्ग घातले. बोमचे मार्ग एकमेकांना छेदत नाहीत. छेद नाही, म्हणजे जुडी एका बिंदूत मिळत नाही. २०१५ साली अहमद फराग अली यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी यावरून विश्वाचं वय अनंत निघतं, असं मांडलं.

‘बिग बँग झालाच नाही’ अशा बातम्या त्यावरून जगभर आल्या. लेखाचं बळ तेवढं नाही. त्यात क्वांटम दुरुस्ती कणांच्या मार्गांना मिळते, पण ज्या अवकाश-काळातून ते जातात तो जुनाच राहतो. आणि आरंभापाशी तर त्याचाच भरवसा उरत नाही. शिवाय उष्ण, घन अवस्थेतून विश्व प्रसरण पावलं याचा निरीक्षणांनी दिलेला पुरावा जागच्या जागी आहे. वाद आहे तो त्या अवस्थेच्याही आधी काय होतं, याचा. क्वांटम सिद्धांतानं आरंभ नाही असं सिद्ध झालेलं नाही. आरंभ सिद्ध झाला आहे, असं म्हणण्याचा आधार मात्र त्यानं काढून घेतला आहे, आणि हे मला कमी मोलाचं वाटत नाही.

अवकाश-काळालाच क्वांटम नियम लावायचा प्रयत्न धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर अमेरिकेत करत आले आहेत. २००६ साली पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या गणितात घनता एका ठरावीक मर्यादेला पोचली की गुरुत्वाकर्षण ओढायचं सोडून ढकलू लागतं. आकुंचन पावत आलेलं आधीचं विश्व तिथून उलटतं आणि पुन्हा फैलावतं. या गणितातही रायचौधुरींचं समीकरण आहेच, फक्त त्यात एक पद वाढलं आहे.