नाक्यावरचा इराणी

आपल्या गिरगावच्या हमरस्त्याने, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्गाने, दक्षिणेकडे चालत निघाले की धोबी तलावाशी मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत लागते. तिच्या तळमजल्यावर कयानी आणि कंपनी हे इराण्याचे हॉटेल व बेकरी आहे. ते १९०४ साली सुरू झाले. मेट्रो सिनेमा १९३८ चा. तेव्हा सिनेमापेक्षा हा चहाच चौतीस वर्षांनी वडील. गेल्या वर्षी आम्ही मंडळाच्या आठजणी तेथे जाऊन चहा पिऊन आलो, आणि तेव्हापासून या इराणी लोकांविषयी मिळेल ते वाचण्याचा मला नाद लागला. स्मरणिकेत पाककृती तर दरवर्षी येतात. यंदा मी पावाची हकीकत लिहिते.

पुष्कळजणी पारशी आणि इराणी एकच समजतात. धर्म एकच, झरथुष्ट्राचा. परंतु पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले आणि येथलेच झाले. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या आरंभी आले. मागे राहिलेल्या या धर्मबांधवांचे इराणात फार हाल होते. यझ्द आणि केरमान या वाळवंटी गावांकडे ते शेतीभाती करून राहत. त्यांना जिझिया नावाचा जादा कर भरावा लागे. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८५४ साली माणेकजी लिमजी हाटारिया या गृहस्थांना तिकडे पाठविले. त्यांनी जवळजवळ तीस वर्षे खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ साली शहाने तो कर उठविला. मध्यंतरी १८७१-७२ चा भयंकर दुष्काळ पडला. जगायचे तर गाव सोडावे, अशी वेळ आली. तेव्हा कोणी जमिनीच्या वाटेने, कोणी गलबताने असे हे लोक मुंबईस पोचले. त्यांच्यामागून यझ्दकडचे काही मुसलमानही आले व त्यांनीही हॉटेले काढली. आपण सगळ्यांनाच सरसकट इराणी म्हणतो.

आल्यावर पुष्कळांनी पारशी कुटुंबांत घरकाम धरले. संध्याकाळी ही मंडळी एकत्र जमत, मुलखाच्या आठवणी काढीत. त्यांतल्या एकाने सर्वांना चहा करून देऊन थोडे पैसे घेतले, आणि तेथून हा धंदा सुरू झाला असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, मला ती पटते. परमुलखात माणसाला आधी आपल्या भाषेतले दोन शब्द हवे असतात, मग चहा.

गंमत अशी की त्यांच्या देशात चहा बिनदुधाचा, खडीसाखर दाताखाली धरून प्यायचा. येथे त्यांनी भरपूर दूध घालून, आटवून, घट्ट गोड चहा करायला घेतला, कारण गिऱ्हाईक होते गिरणीकामगार, गोदीतले हमाल, ट्रामचे कंडक्टर. पाळी सुटलेल्या माणसाला पोटात आधार देणारे काही हवे. ‘पानी कम’ हा शब्द त्याच टेबलांवरचा.

नाक्यावरच्या जागा त्यांनी का घेतल्या, याचेही एक कारण सांगतात. कोपऱ्याची जागा आपले हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती स्वस्तात मिळे. असेलही. पण दोन्ही रस्त्यांची वर्दळ दिसणारी, दोन्हीकडून वारा येणारी जागा चहाच्या दुकानाला सोडून आणखी कुणाला सोयीची? आपल्या अपशकुनाने त्यांचे भले झाले, एवढे मात्र खरे. आत संगमरवरी फरशीची टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर झरथुष्ट्राची तसबीर, आणि गल्ल्यावरच्या शेठला सगळे टेबल दिसावे म्हणून मोठमोठे आरसे. नावेही पाहण्यासारखी. कयानी आणि सासानियन ही इराणच्या जुन्या राजघराण्यांची नावे. उलट १९२३ चे ब्रिटानिया आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या नावाचे ब्रेबोर्न. ही राज्यकर्त्यांना खूश ठेवणारी. गादी गेलेल्या राजांचे नाव एका पाटीवर आणि गादीवर असलेल्यांचे दुसऱ्या!

आता पावाकडे वळते. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, नकळत पाणी पिणारे सारे गाव बाटले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. गोष्टीतली विहीर कोणती हे कोणी दाखवीत नाही, परंतु ती भीती घराघरांत मुरलेली होती. आमच्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या तरुणपणी पाव घरात आणायचा झाला तर पुरुष तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणीत व गॅलरीतच खात. स्वयंपाकघराचा उंबरठा पावाने ओलांडायचा नाही. ज्या बायका तो खात, त्या आजारपणाचे निमित्त सांगून खात. डॉक्टरांनी चहा-पाव सांगितला की मग सोवळ्याची हरकत नसे!

ज्या काळात पावाने माणूस बाटत होता, त्या काळात माणसाने माणूस तर बाटतच होता. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांनिशी जावे लागले. ओंजळभर पाण्यासाठी एवढे करावे लागले. पुष्कळ हॉटेलांत तेव्हा काहीजणांसाठी कप वेगळा, तोही बाहेर ठेवलेला, ज्याचा त्याने विसळून ठेवायचा. उपाहारगृहात जातीवरून कोणाला अडविता येणार नाही हे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा सक्त झाले. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत नाक्यावरच्या इराण्याकडे वकील, विद्यार्थी, फेरीवाला, गिरणीतला माणूस एका रांगेत बसून त्याच कपातून चहा पीत होते. जे घरी पंक्तीला एकत्र बसले नसते ते तेथे, नाइलाजाने का होईना, एका टेबलाला बसत. जागा नसली की शेठ अनोळखी माणसाला समोर बसवी, आणि त्याचे आडनाव विचारीत बसायला कोणाला सवड नसे.

म्हणून इराण्यांनी समाजसुधारणा केली असे मात्र मी म्हणणार नाही. याच धर्माच्या पारशी लोकांच्या बडोद्यातील धर्मशाळेतून १९१७ साली बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या मंडळींनी हाकलून लावले. विलायत-अमेरिकेत शिकून आलेला माणूस, पण रात्रीचा आसरा मिळेना. ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तेव्हा शिवाशिव त्यांच्याकडे नव्हती असे नव्हे. इराणी नवा आलेला, त्याच्यापाशी पैसा नव्हता. गल्ल्यात पडणारे नाणे कुणाच्या हातचे हे पाहणे त्याला परवडत नव्हते. ज्यांना कोणी उभे करीत नव्हते त्यांना त्यामुळे खुर्ची मिळाली. हेतू धंद्याचा असला म्हणून ती खुर्ची काही खोटी ठरत नाही.

पण त्या खुर्चीवर बाई नव्हती, हे मला लिहायचेच आहे. सर्व जातींचे, सर्व धर्मांचे लोक एकत्र बसत असे कौतुकाने लिहिलेले मी वाचते, तेव्हा मनात येते, लोक म्हणजे पुरुष. घरंदाज बाईने इराण्याची पायरी चढायची नाही, हा नियम फार वर्षे चालला. मग पुष्कळ हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ निघाल्या. लाकडी फळ्यांचे आडोसे, त्यांना अर्धी दारे, कुठे वरचा माळा. बाई आली की नवऱ्याच्या मागोमाग थेट आत. ती चहा पीत असलेली दिसायची नाही आणि तिलाही रस्ता दिसायचा नाही. आजेसासूबाई लग्नानंतर एकदाच गेल्या होत्या, आणि त्यांना त्या हॉटेलातले आठवत होते ते फळीवरचे खिळ्याने कोरलेले नाव. आरसे त्यांनी पाहिलेच नव्हते.

आम्ही आठजणी गेलो तेव्हा फळीबिळीचा प्रश्नच आला नाही. मधल्या टेबलांशी बसलो. फक्त आमच्यातल्या एक काकू, वय ऐंशीच्या पुढचे, अडून बसल्या. येथे खिमा आणि अंडी शिजतात, मी पाणीदेखील घेणार नाही, म्हणाल्या. कोणी आग्रह केला नाही. जायचे की नाही हे आजवर दुसऱ्यांनी ठरविले. काय खायचे ते तरी त्यांचे त्यांनी ठरवावे. त्या खुर्चीवर ताठ बसून समोरच्या बरण्यांतली खारी, नानकटाई, आल्याची बिस्किटे पाहत राहिल्या. आम्ही ब्रून मस्का घेतला. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो चहात बुडवूनच खावा, नाहीतर टाळू सोलते. मावा केकला वेलदोड्याचा वास होता. निघताना काकूंनी नातवासाठी अर्धा डझन मावा केक बांधून घेतले आणि पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

१९५० च्या सुमारास मुंबईत अशी साडेतीनशेच्या घरात हॉटेले होती असे सांगतात. आता पंचवीस-तीस उरली असतील. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. उडप्यांची हॉटेले वाढली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या, तेव्हा पाळीवरचे गिऱ्हाईक गेले. इराण्यांची मुले शिकून डॉक्टर, इंजिनियर झाली. पहाटे चारला भट्टीपाशी कोण येणार? आणि त्या अशुभ कोपऱ्यांना सोन्याचा भाव आला. पाव मात्र गेला नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर त्यात बटाटावडा बसला, आणि ज्याने पूर्वी धर्म बुडत होता तो मराठी माणसाचा नाश्ता झाला.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. जुने बेकरीवाले म्हणतात, लाकडाच्या आचेवाचून ब्रूनला कवच धरत नाही. आमच्या गल्लीतल्या पाववाल्याचे म्हणणे वेगळे. तो पंधरा वर्षे भट्टीसमोर उभा होता, पावसाळ्यात रात्रभर खोकतो. कवच पातळ आले तर येऊ दे, म्हणतो.