गल्ले, यांत्रिक

नाणे ठेवून खटका दाबला असता तरफ, स्प्रिंग वा नाण्याचा भार यांच्या योगाने एखादी गमतीदार हालचाल करून नाणे आत घेणाऱ्या खेळण्यांना यांत्रिक गल्ले म्हणतात. बिडाचे असे गल्ले मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तयार झाले. मुलांना बचतीची गोडी लावणे, हा त्यांचा उद्देश होता.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) तेथील ओतशाळा किरकोळ लोखंडी सामानाबरोबर खेळणीही बनवू लागल्या. मॅसॅचूसेट्समधील जॉन हॉल याने १८६९ मध्ये ‘हॉल्स एक्सेल्सियर’ या गल्ल्याचे एकस्व घेतले. बँकेच्या इमारतीची ही प्रतिकृती होती. दारावरील घंटेची कडी ओढली असता छपरावरील घुमटी उघडून रोखपालाची आकृती दिसे व नाण्याच्या भाराने पुन्हा आत जाई. क्रॉमवेल (कनेक्टिकट) येथील जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने तो तयार केला. बफालो येथील शेपर्ड हार्डवेअर कंपनीचे गल्ले रेखीव रंगकामासाठी प्रसिद्ध आहेत. धातूच्या फर्म्यावरून वाळूचे साचे करीत, त्यांत वितळलेले बीड ओतून सुटे भाग घेत आणि ते जोडून हाताने रंगवीत. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) सुमारास हे उत्पादन ओसरले.

तत्कालीन समाजजीवनाचे प्रतिबिंब या गल्ल्यांत पडलेले दिसते. ‘टॅमनी बँक’मधील (१८७३) गलेलठ्ठ पुढारी नाणे खिशात टाकून मान डोलावतो. न्यूयॉर्कमधील टॅमनी हॉल या राजकीय संघटनेच्या भ्रष्टाचारावरील तो उपहास होय. परंतु हे प्रतिबिंब सर्वत्र निरागस नाही. कृष्णवर्णीयांचे विद्रूप चित्रण करणारे अनेक गल्ले निघाले. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा १८८२ मध्ये झाला, त्याच वर्षी चिनी माणसाला लबाड पत्तेबाज म्हणून दाखविणाऱ्या गल्ल्याचे एकस्व घेतले गेले. काटकसरीच्या धड्याबरोबर वंशद्वेषाचाही धडा अशा रीतीने मुलांच्या हाती पडला. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाच्या जिम क्रो संग्रहालयात या प्रकारच्या वस्तू वंशवादाचा पुरावा म्हणून जतन केल्या आहेत.

विसाव्या शतकात या गल्ल्यांचा संग्रह करण्याचा छंद रूढ झाला. ‘मेकॅनिकल बँक कलेक्टर्स ऑफ अमेरिका’ ही संग्राहकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. दुर्मिळता, मूळ रंगाची शाबुती व सर्व भागांचा अस्सलपणा यांवर गल्ल्याचे मूल्य ठरते. मूळ रंग खरवडून पुन्हा रंगविल्यास ते बरेच घटते. किंमती वाढल्याने बनावट गल्लेही बाजारात आले. अस्सल गल्ल्याचे भाग फर्म्याप्रमाणे वापरून नक्कल ओतली, तर निवताना बीड सुमारे एक टक्का आकसल्याने ती किंचित लहान होते. म्हणून तळाची बाह्यरेषा कागदावर काढून अस्सल नमुन्याशी ताडून पाहतात. खरबरीत पृष्ठभाग, सैल सांधे व मुद्दाम चढविलेला गंज याही नकलेच्या खुणा होत. जुन्या कारागिरांचे सांधे मात्र बहुधा घट्ट व सफाईदार असतात.

बचतीसाठी घडविलेल्या या वस्तूंतील काहींना लिलावात एक लाख डॉलरहून अधिक किंमत आली आहे. तथापि, त्या घडविणाऱ्या समाजाच्या गुणदोषांची नोंद म्हणूनच त्यांचे महत्त्व अधिक आहे.